दहा मिनिटांची चाळणी आणि परसातली दुधी

पेडण्याची बाय
काल इथं कुणीतरी लिहिलं, ‘अंगणवाडी सेविकेच्या हातात टॅब द्या, दहा मिनिटांत प्रत्येक मुलाचा ऑटिझम कळेल. एवढंसं काम गोव्याला जमत नाही!’ वाचता वाचता माझा भात करपला. १९ वर्षं सेविका आहे, म्हणून लिहिते.

आमच्याकडे एम-चॅटचा, म्हणजे ऑटिझमची (स्वमग्नतेची) शक्यता चाळणाऱ्या प्रश्नावलीचा, अनुवाद आला होता. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी २० प्रश्न, आईनं हो-नाही सांगायचं. एक प्रश्न असा, की व्हॅक्यूम क्लीनरसारख्या आवाजानं मूल किंचाळतं का? वाड्यावर केरसुणी आहे, बाबांनो. आई म्हणाली नाही. मग मी आपल्या मनानं विचारलं, चवथीला घुमट वाजायला लागलं की काय करतो? तिचा चेहरा उतरला. आरती संपेपर्यंत पोर माजघरात कान दाबून रडत होतं.

उलटही होतं. बोट दाखवण्याचे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्या एका आईनं दोन्हींना ‘नाही’ म्हटलं. का, तर आजीनं सवय मोडली. परसातल्या कोवळ्या दुधीला बोट दाखवलं की ती कुजते ना! संशयाचे दोन गुण त्या दुधीनं चढवले. तीन झाले की मूल पुढच्या फेरीत.

टॅबवाला म्हापसा
काल ते लिहिणारा मीच. भाताबद्दल क्षमस्व.
पण बाय, माझ्या बहिणीचा मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत सगळे म्हणत होते, ‘मुलगे उशिराच बोलतात, त्याचा मामाही उशिरा बोलला.’ तो मामा मी! मी बोललो म्हणून त्याची तीन वर्षं गेली. तेव्हा कुणी दहा मिनिटं टॅब घेऊन बसलं असतं तर? तुमची दुधी निस्तरेपर्यंत आणखी किती मुलं शाळेत जातील?

आकडेमोड
चाळणी आणि निदान यांत गल्लत होतेय. धरून चला, शंभरात एका मुलाला ऑटिझम आहे आणि तुमचा टॅब दोन्ही बाजूंनी, म्हणजे ऑटिझम असलेली आणि नसलेली मुलं ओळखण्यात, ८५ टक्के अचूक आहे. हजार मुलं चाळली तर खऱ्या १० पैकी ८-९ सापडतील, आणि उरलेल्या ९९० पैकी साधारण १४८ आयांची झोप उगाच उडेल. म्हणून तर एम-चॅटमध्ये ३ ते ७ गुण आले की आईशी पुन्हा सविस्तर बोलायचं असतं. दुधी तिथंच गळते. दहा मिनिटांत फक्त पहिली फेरी होते.

आणि गोव्यात काही झालंच नाही, हे चूक. इन्क्लेन या संशोधन संस्थेनं २ ते ९ वयाच्या ३,९६४ मुलांची पाहणी २०१८ साली छापली. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपला उत्तर गोवा. नुसता ऑटिझम नाही, ऐकू न येणं, फिट्स, मतिमंदत्व, सगळं धरून. सहा वर्षांखालच्या मुलांत प्रमाण एका ठिकाणी २.९ टक्के, तर दुसऱ्या ठिकाणी १८.७!

फोंड्याचो
सगळं ठीक, पण अनुवाद मराठीत का? भुरगं, म्हणजे मूल, घरात ‘उदक’ म्हणतं आणि तुम्ही ‘पाणी आण म्हटलेलं कळतं का’ विचारता. मग म्हणे समज कमी. १९८७ च्या कायद्यानं राजभाषा कोंकणी आहे.

डिचोलीकर
आलं! त्याच कायद्यात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे, ते सोयीनं विसरलात. आणि देवळात आरत्या कुठल्या भाषेत म्हणता?

फोंड्याचो
आरत्या मराठीत म्हणतो, पण विंचू चावला तर कोंकणीत बोंबलतो. भुरग्याची भाषा ती.

मडगावचा शेजारी
आणि आमच्या साष्टीतली आई रोमी, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी वाचते, तिला तुमची देवनागरी कोंकणी देणार? झुआरीनगरच्या कन्नड पोरांचं काय? ती तर कुणाच्याच भांडणात नाहीत.

डिचोलीकर
रोमीवाले आले, आता पहाटेपर्यंत चालेल.

पर्वरीची आई
चालू द्या. माझ्या मुलाला आम्ही मराठीत हाक मारली, कोंकणीत मारली, इंग्रजीतही मारली. एकाही भाषेत त्यानं वळून बघितलं नाही.

आधी वाटलं ऐकू येत नाही. कान तपासले, उत्तम. एका मोठ्या डॉक्टरांनी मोबाइल बंद करा म्हणून परत पाठवलं. आमच्या घरात तो मोबाइलला हातही लावत नव्हता. चौथ्या वर्षी निदान झालं, आणि त्यानंतर स्पीच थेरपीची पाळी पंधरा दिवसांतून एकदा, अर्धा तास. चाळून झाल्यावर गाळात काय उरतं, ते आम्हाला विचारा.

याच गोव्यात आणि रावळपिंडीत, तज्ज्ञ नसलेल्या साध्या कार्यकर्त्यांना शिकवून त्यांच्यामार्फत आईबापांना मुलाशी खेळायचं कसं हे दाखवलं गेलं. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आई-मुलाच्या देवाणघेवाणीत फरक दिसला. मग टॅब एकटाच का येतो? त्याच्यामागून ते माणूस पाठवा. भाषेचं ते माणूस बघून घेईल.

टॅबवाला म्हापसा
माणूस पाहिजे, मान्य. ‘कळेल’ ऐवजी ‘संशय येईल’ लिहायला हवं होतं, तेही मान्य. पण सुरुवात लवकर व्हायला हवी, यावरून मी हलणार नाही. दुधीच्या जागी टॅबवर विमानाचं चित्र ठेवू, मग तरी चालेल?

पेडण्याची बाय
चालेल की. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून आमची भुरगी दिवसभर वरच बघतात. पण विमानाकडे बोट करून झाल्यावर आईकडे वळून बघतात की नाही, ते मी बघणार. तुमचा टॅब तेवढा वेळ बाजूला ठेवा.

फोंड्याचो
विमानाला कोंकणीतही विमानच म्हणतात. नोंद असावी.