मोठ्या माणसांना सोंगं घ्यायला एवढं का आवडतं?

वरच्या_मजल्यावरची

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा फालतू वाटेल पण डोक्यातून जात नाहीये म्हणून टाकते. आमच्या सोसायटीत गणपतीत लहान मुलांची फॅन्सी ड्रेस असते, तेच आपलं, झाशीची राणी, टिळक, भाजीवाली आणि एखादं रडणारं झाड. यंदा कमिटीने उगाच गंमत म्हणून मोठ्यांचीही ठेवली तर मोठ्यांच्या एन्ट्र्या मुलांपेक्षा जास्त आल्यात! आमच्या मजल्यावर एक रिटायर्ड बँकवाले काका आहेत, लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे कोणाशी बोलत नाहीत, ते नारद होणारेत आणि परवा घरी येऊन विचारून गेले की तुमच्याकडे चिपळ्या आहेत का. सासूबाईंना इन्स्पेक्टर व्हायचंय, दंडुका खरा पाहिजे, पुठ्ठ्याचा चालणार नाही असं बजावलंय. नवरा म्हणतो काय हा पोरकटपणा, आणि ह्याच माणसाने मित्राच्या लग्नात बांधलेला फेटा जेवताना पण काढला नव्हता.

लहान मुलांचं कळतं हो, आई घालेल ते घालतात. पण मोठी माणसं आपणहून, पैसे मोजून, एवढ्या घामात दाढ्यामिशा चिकटवून घेतात ते नक्की कशासाठी? फोटोसाठी म्हणावं तर काकांकडे बटणांचा फोन आहे.

उगाच_एक

इन्स्टा. विषय संपला. काकांचा फोन साधा असेल, नातीचा नसणार.

बुलेटवाली_मावशी

@उगाच_एक, असं एका शब्दात उडवू नका हो. पाडव्याची शोभायात्रा डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाने 1999 मध्ये सुरू केली, तेव्हा कुठे होतं इन्स्टा? तेव्हाही बायका नऊवारी नेसून, नथ घालून पहाटे रस्त्यावर यायच्याच की.

मी दरवर्षी जाते, शिवलेली नऊवारी, फेटा आणि बुलेट. (शिवलेली म्हणजे फसवणूक असं म्हणणाऱ्यांनी नेसून गाडीला किक मारून दाखवावी मग बोलू.) माझा अनुभव सांगते. एरवी मी स्कूटीवरून ऑफिसला जाते तेव्हा रिक्षावाले कट मारतात, मागून हॉर्न, सिग्नलला कोणीतरी पुटपुटतो "बाईमाणूस आहे, जाऊ दे". त्याच रस्त्याने पाडव्याला जाते तेव्हा हवालदार गाड्या थांबवून मला वाट करून देतो, अनोळखी आज्या येऊन बोटं मोडून दृष्ट काढतात, एकदा एका दुकानदाराने बोलावून पन्हं दिलं. मी तीच, गाडी चालवण्याची अक्कल तेवढीच, फक्त समोरचे माझ्याशी वेगळं वागतात. मला वाटतं माणसाला त्याची चटक लागते. आरशात बघून कोणी खूश होत नाही तेवढं लोकांच्या बघण्याने होतं.

शिमग्याचा_पाहुणा

मावशींचं पटलं, पण आमच्याकडे प्रकरण थोडं वेगळं आहे.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. शिमग्याला चाकरमानी बॉसला काय वाट्टेल ते सांगून गावी येतोच हे सगळ्यांना ठाऊक आहे. खेळे निघतात, त्यात संकासुर असतो. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी : अंगभर काळे कपडे, डोक्यावर उंच निमुळती टोपी, तोंडावर पांढरी लांबलचक दाढी, कमरेला घुंगरं. तो उड्या मारत आला की आधी घुंगरं ऐकू येतात आणि अंगणातली पोरं माजघरात पळतात, आणि लगेच खिडकीतून त्यालाच चिडवतात. माझा चुलतभाऊ कित्येक वर्षं संकासुर होतोय. मुंबईत तो एका कंपनीत अकाउंट्सला, साहेबाने रागाने बघितलं तरी ह्याला ॲसिडिटी होते असा माणूस. गावात काळे कपडे चढवले की सरपंचाच्या अंगणात जाऊन सरपंचालाच दम देतो, ज्या काकाशी जमिनीवरून बोलणं बंद आहे त्याच्या ओटीवर जाऊन पैसे मागतो आणि काका निमूट देतो!

आता गंमत अशी की आत कोण आहे हे अख्ख्या वाडीला माहीत असतं. चालीवरून कळतं, पायांवरून कळतं, आणि नाही कळलं तर त्याची आई स्वतःच सांगते. पण तो सोंगात असेपर्यंत कोणी त्याला नावाने हाक मारणार नाही. म्हणजे तोंड लपलं म्हणून धीर येतो हे आमच्याकडे खरं नाही. गावाने मिळून ठरवलेलं असतं की आत्ता हा तो नाही. हेच कपडे घालून तो मे महिन्यात बाजारात फिरला तर घरचे त्याला डॉक्टरकडे नेतील.

तेच गोमूचं. चांगला मिशा उतरवलेला बाप्या लुगडं नेसून, गजरा माळून नाचतो आणि त्याची बायको पुढच्या ओळीत बसून टाळ्या वाजवते. बाकी वर्षभर ह्याच गावात पुरुषाने अंगणात झाडू मारला तरी चर्चा होते.

खाली सिंधुदुर्गात दशावतारात तर बायकांची कामं पुरुषच करत आले, आणि रंगायचं ज्याचं त्याने, वेगळा मेकअपमन नाही. त्यांच्याबद्दलची म्हण ऐकली असेल, "रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा". रात्रभर इंद्र म्हणून मिरवलेला माणूस उजाडल्यावर आपला पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या जत्रेला चालत निघायचा. लोक ही म्हण कीव करून सांगतात, मला तर त्यात थोडा हेवाच वाटतो, एक रात्र तरी राजा झाला ना तो.

टीप_नको_मुद्दा_सांगा

शिमगेदादा, "तोंड लपलं म्हणून धीर येतो हे खरं नाही" एवढं सरसकट नका म्हणू. मी मानसशास्त्र शिकवते म्हणून राहवत नाही. अमेरिकेत सिॲटलला डीनर आणि सहकाऱ्यांनी हॅलोवीनच्या रात्री एक अभ्यास केला होता, 1976 मध्ये छापून आला. 27 घरं, सोंगं घेऊन गोळ्या मागायला आलेली 1,352 मुलं. घरातली बाई सांगायची की एकेकच गोळी घ्या आणि आत निघून जायची, आणि कोणीतरी लपून बघायचं. काही मुलांना नाव-पत्ता विचारला होता, काहींना नाही. ज्यांना विचारलं नव्हतं आणि जी घोळक्यात होती त्यांनी सगळ्यात जास्त हात मारला. म्हणजे आपल्याला कोणी ओळखत नाही आणि सोबत चार जण आहेत, हे एकत्र आलं की माणूस सुटतो. अर्थात ती मुलं होती आणि त्यांना गोळ्या हव्या होत्या, काकांना चिपळ्या हव्यायत, तेव्हा किती लागू करायचं ते तुम्ही ठरवा.

दुसरा नेहमी फॉरवर्ड होणारा प्रयोग 2012 चा, ॲडम आणि गॅलिन्स्की यांचा. पांढरा कोट डॉक्टरचा आहे असं सांगून घालायला दिला तर लोकांचं लक्ष जास्त चांगलं लागलं, तोच कोट पेंटरचा म्हटला तर नाही. मोटिव्हेशनल स्पीकरांनी ह्याचं सोनं केलं, "जसे कपडे तसे विचार" वगैरे. पण 2019 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्या मालिकेतला पहिला प्रयोग जास्त लोकांवर परत करून बघितला तेव्हा कोटाने काही फरक पडलेला दिसला नाही. त्यामुळे कपड्याने आतून माणूस बदलतो ह्यावर मी पैज लावणार नाही. मावशी म्हणतात ते, की समोरचे बदलतात, मला जास्त सरळ वाटतं.

उगाच_एक

म्हणजे शेवटी लोकांनी बघावं म्हणूनच ना. मी काय वेगळं म्हणालो?

बुलेटवाली_मावशी

फोनमध्ये बघणं आणि बोटं मोडून दृष्ट काढणं ह्यात फरक आहे रे बाबा.

राईनकाठचा

मी कामानिमित्त जर्मनीत कोलोनला असतो, इथे हा प्रश्न कोणाला विचारला तर वेड्यात काढतील. 11 नोव्हेंबरला सकाळी 11 वाजून 11 मिनिटांनी ह्यांचा कार्निवलचा सीझन सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चकडे, लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळाच्या) आधीच्या आठवड्यात कळस होतो. त्या गुरुवारी सकाळी मी पहिल्यांदा ट्राममध्ये चढलो तर एका बाजूला गाय, दुसरीकडे चाच्या, दारात साठीच्या दोन मधमाश्या, आणि सगळे अगदी शांतपणे ऑफिसला चाललेले. मी एकटाच साध्या जॅकेटमध्ये, आणि तिथे विचित्र मीच दिसत होतो. तो गुरुवार बायकांचा, हातात कात्री घेऊन दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात. आमचे डायरेक्टर, ज्यांना मेलमध्ये कॉमा चुकलेला चालत नाही, मुद्दाम जुना टाय घालून येतात आणि रिसेप्शनवरच्या बाईने कापला की अर्धा टाय दिवसभर मिरवतात. सोमवारी मोठी मिरवणूक, रथावरून गोळ्या-चॉकलेटं फेकतात आणि आजोबा लोक छत्री उलटी धरून झेलतात, लाज नाही काही नाही.

शिमगेदादांनी गोमूचं लिहिलं म्हणून सांगतो, इथे दरवर्षी तिघांना मान मिळतो, राजपुत्र, शेतकरी आणि कुमारी. कुमारी परंपरेने पुरुषच होतो, दोन वेण्या, झगा, सगळं. नाझींना ते खपलं नाही, त्यांनी 1938 आणि 1939 मध्ये तिथे बाई उभी करायला लावली. पुढे परत पुरुषच आला. हुकूमशहांना सोंगाची एवढी भीती का वाटावी ह्याचा विचार करा.

पण सगळ्यांना आवडतं असंही नाही हां. माझ्या टीममधला एक जण, इथलाच, तो आठवडा आला की रजा टाकून डोंगरात पळून जातो. म्हणतो मला विनोदी माणसं सहन होतात, विनोदाची सक्ती सहन होत नाही.

वरच्या_मजल्यावरची

बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मी सासूबाईंना वाचून दाखवतेय. नवऱ्याला ते सक्तीचं वाक्य फारच आवडलं, आता रोज ऐकवणार. पण मग फेटा कसा चालला त्याला?

मोखाड्याचा_मास्तर

ताई, फेट्यात तो एकटा नसतो, सगळे वऱ्हाडी तेच घालतात. नारद झाला तर हजार डोळे त्याच्या एकट्यावर. मिस्टरांना कपड्यांचं वावडं नसेल, एकटं उठून दिसण्याचं असेल.

आणि एक बाजू राहिली म्हणून लिहितो. इथे मजा मजा चाललंय, पण सगळी सोंगं मजेखातर नसतात. आमच्या जव्हार-मोखाडा भागात बोहाडा असतो. गणपती, नरसिंह, रावण असे मुखवटे, संबळाच्या तालावर रात्रभर एकामागून एक सोंगं येतात. बरीच सोंगं घराण्यांकडे असतात, बापाकडून मुलाकडे. मुखवटा जड, डोळ्यांच्या भोकातून समोरचं धड दिसत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी माणसं धरायला. तो पोरगा हौस म्हणून नाचत नाही, देवाचं काम आहे. आमच्या शाळेत मागच्या बाकावरून कधी हात वर न करणारा मुलगा रात्री बाहेर येतो आणि सगळा गाव त्याच्या पाया पडतो. सकाळी वर्गात परत मागच्या बाकावर. मी त्याला काही विचारत नाही.

आणि बहुरूपी आठवा. खाकी घालून दुकानात शिरणार, "चला, वॉरंट आहे तुमच्या नावाचं" म्हणून यमकात बडबड करणार. आपण हसून दहा रुपये देतो. त्याचं ते पोट आहे. आपल्याला सोंगात मजा येते कारण आपण घरी जाऊन ते काढून ठेवू शकतो.

मांडवीतली

गोव्यातून. कार्निवलला किंग मोमो येतो, खा प्या मजा करा सांगतो, चार दिवस हुकूम त्याचा. पण आता परेड म्हणजे फ्लोटवर नाचणारे वर आणि मोबाईल धरलेले खाली असं झालंय. त्यापेक्षा शिगम्याच्या वेशभूषा स्पर्धेत जास्त जीव वाटतो मला, एखादा अख्खा निळा रंगून शंकर झालेला असतो आणि नंबर लागायची वाट बघत स्टेजमागे मिरची भजी खात असतो.

ड्रेपरीवाला_नातू

उशिरा आलो, धाग्याचं नाव बघून राहवलं नाही. आमचं ड्रेपरीचं दुकान आहे, आजोबांपासून, नाटकाचे, गॅदरिंगचे कपडे भाड्याने देतो. पूर्वी गिऱ्हाईक म्हणजे शाळा आणि हौशी नाट्यमंडळं. आता हळदीचे, ऑफिसच्या ॲन्युअल डेचे, चाळिसाव्या-पन्नासाव्या वाढदिवसाचे मोठेच जास्त.

काउंटरवर बसून जे दिसतं ते सांगतो. पुरुष आले की पहिली मागणी राजा, फौजी नाहीतर पोलीस. अंगरखा घालून झाला की प्रत्येक जण एकच विचारतो, तलवार कमरेला लावू का हातात धरू. स्त्रीवेष मागायचा असेल तर एकटा कधी येत नाही, दोन मित्र घेऊन येतो आणि "ह्याच्यासाठी पाहिजे" म्हणून मित्राकडे बोट दाखवतो, आणि मापं मात्र स्वतःची देतो. बायकांमध्ये राणी, कोळीण चालतेच, पण पन्नाशीच्या पुढच्या बायका वर्दी फार मागतात. वकिलाचा कोट, इन्स्पेक्टर, कलेक्टर. तुमच्या सासूबाई एकट्या नाहीत. एक आजी वकिलाचा कोट घालून आमच्या स्टुलावर बराच वेळ बसून राहिल्या, मग म्हणाल्या वडिलांनी शिकू दिलं असतं तर हा घरचाच असता. डिपॉझिट देऊन नेला, दोन दिवस जास्त ठेवला, मी जादा भाडं लावलं नाही.

मिरवायचं असतं, सुटायचं असतं, ते सगळं बरोबर आहे. पण काही जण जे व्हायचं राहिलं ते एक संध्याकाळ भाड्याने नेतात असं मला वाटतं.

वरच्या_मजल्यावरची

दादा, सासूबाई हे ऐकून गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या त्याला विचार दंडुका मिळतो का. आणि काकांचं काय करू? नारदाला दाढी असते का मुळात?

ड्रेपरीवाला_नातू

दंडुका मिळेल, लाकडी आहे, पण स्टेजवर कोणाला मारायचा नाही असं सांगा. नारदाला दाढी नको, अंबाड्याचा टोप आणि फुलांच्या माळा बास, वीणा आमच्याकडे थर्माकोलची आहे, एक तार तुटलीये. ज्यांना मिशा लावायच्यात त्यांनी आधी दाढी गुळगुळीत करा, स्पिरिट गम (मिशा चिकटवायचा गोंद) लावून थोडा चिकट होऊ द्या मग क्रेपचे केस चिकटवा, आणि काढताना ओढू नका, खोबरेल तेल लावून पाच मिनिटं थांबा. गणपतीत गर्दी असते, आठ दिवस आधी बुक करा.

उगाच_एक

दुकान कुठे आहे? मित्रासाठी विचारतोय.