आठवड्यातून चारदा 11,000 पौंड ओढायचेत: हाफ-टन पुरेल का?

खटपट्या (धागाकर्ता)
मी खोदकामाची छोटी कामं घेतो. साडेतीन टनी मिनी एक्सकॅव्हेटर, तो वाहणारा ट्रेलर, दोन बकेट, साखळ्या, असं सगळं मिळून साधारण 11,000 पौंड, म्हणजे 5 टन भरतं. आजवर भाड्याच्या ट्रकवर भागवलं. आता आठवड्याला चार फेऱ्या होतात, त्यामुळे स्वतःचा घ्यायचाय. एक हाफ-टन (नावापुरतं; पिकअपचा हलका वर्ग) मनात भरलाय: फोर्डचं 3.5 लिटर इकोबूस्ट टर्बो पेट्रोल इंजिन, टो रेटिंग, म्हणजे ओढायची मर्यादा, 13,000 पौंड. म्हणजे 2,000 पौंड हाताशी राहतात. भाऊ म्हणतो, थ्री-क्वार्टर टन (त्याच्या वरचा, दणकट वर्ग) डिझेलच घे, नाहीतर रडशील. एरवी घरच्या कामालाही हाच ट्रक वापरणार आहे, मग दारात हत्ती कशाला बांधायचा? मतं सांगा.

चपळाई
घ्या बिनधास्त. त्या इंजिनाचा टॉर्क 500 पौंड-फूट आहे. 2000 साली फोर्डचं 7.3 लिटरचं डिझेल साधारण एवढाच द्यायचं, आणि त्यावर लोकांनी घरंच्या घरं हलवली. त्या काळी गिअर चार, आता दहा. डिझेलवाले अजून जुन्या काळातच वावरतात.

वजनकाटा
खटपट्या, टो रेटिंग बाजूला ठेवा. ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असेल. 'माणसं आणि सामान मिळून याहून जास्त वजन नको' असा आकडा त्यावर असतो. त्याच ट्रकचा, त्याच मॉडेलचा नव्हे. सनरूफ, मोठी कॅब, फोर-बाय-फोर अशी जितकी हौस तितका तो आकडा खाली. तो सांगा, मग बोलू.

खटपट्या
शोरूममधून विचारून घेतला. 1,620.

वजनकाटा
आता हिशेब करा. ट्रेलरचं 10 ते 15 टक्के वजन हिचवर, ट्रेलर जोडतात त्या जागी, येतं, म्हणजे ट्रकच्या पाठीवर. साडेबारा टक्के धरले तर 1,400 च्या आसपास. तुम्ही आणि दोन मदतनीस मिळून 500. हिचचं लोखंड 80, हत्यारांची पेटी 150. बेरीज 2,130. ट्रक झेलणार 1,620. ओढायची ताकद शिल्लक आहे, पाठच मोडतेय. नाकापेक्षा मोती जड.

तो 13,000 खोटा नाही. एसएई जे2807 नावाची चाचणी आहे. तिच्यात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा 11.4 मैलांचा चढ भर उन्हात, एसी चालू ठेवून, ताशी 40 मैलांच्या खाली न येता चढावा लागतो. पण त्यात ट्रकमध्ये दीड-दीडशे पौंडांची दोनच माणसं धरतात आणि हिचवर 10 टक्के. तुमच्याकडे माणसं तीन आणि पेटी वेगळी.

चपळाई
साडेबारा कशाला? मशीन फूटभर मागे सरकवा, हिचवर 900 आणा. झाला प्रश्न मिटला.

उतारकरी
अहो, हे असलं लिहू नका, कोणीतरी खरंच करेल! 11,000 वर 900 म्हणजे 8 टक्के. जुने गाडीवान सांगायचे, गाडी थोडी धुरजड (पुढे जड) चालेल, उलाळ (मागे जड) चालणार नाही. ट्रेलर उलाळ झाला की शेपूट हलवायला लागतो. एकदा झुलायला लागला, की ताशी 60 मैलांवर स्टिअरिंग नुसतं शोभेचं.

चपळाई
बरं, ते मागे घेतो. पण वेट डिस्ट्रिब्यूशन हिच आहे ना? त्याच्या दांड्या थोडं वजन पुढच्या चाकांवर आणि थोडं ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर परत ढकलतात. वर मागे एअरबॅग बसवा, ट्रक वाकणारसुद्धा नाही.

वजनकाटा
दांड्या लावाच, नाही म्हणत नाही. बऱ्याच हाफ-टनांच्या हिचवर दोन आकडे छापलेले असतात, एक दांड्यांशिवायचा, एक दांड्यांसकट, आणि पहिला फार लहान असतो. पण त्यातून 500 पौंडांची तूट भरून निघत नाही. एअरबॅगनं ट्रक सरळ दिसतो एवढंच. अ‍ॅक्सल, रिम, टायर तेच. कमरेला पट्टा बांधून पोतं उचलल्यासारखं आहे ते.

उतारकरी
मी अकरा वर्षं ट्रेलर ओढतोय आणि सगळे चढाबद्दलच बोलतात याची मला गंमत वाटते. चढावर काय होईल? हळू चालाल, मागचे हॉर्न वाजवतील. खरी परीक्षा उतारावर. माझ्या आधीच्या हाफ-टनाने सात मैलांच्या उतारावर मला धडा दिला. टो-हॉल मोड (ओझं ओढतानाचं सेटिंग) चालू, गिअर खाली, तरी लहान इंजिनाला एवढं ओझं थोपवता येईना. पाय ब्रेकवरच. खाली पोचलो तेव्हा जळका वास, आणि पेडल स्पंजासारखं मऊ. अर्धा तास कडेला उभा होतो. (बायको तेवढ्या वेळात एक शब्दही बोलली नाही. तो अर्धा तास जास्त लांब होता.)

डिझेलमध्ये एक्झॉस्ट ब्रेक असतो. टर्बोची पाती मिटतात, धूर अडतो, इंजिनच लगाम होतं. त्याच उतारावर आता मी ब्रेकला दोन-तीनदाच हात, म्हणजे पाय लावतो. भावाचं ऐका.

मोजकेबोल
मी थ्री-क्वार्टर टनाच्या बाजूने, पण डिझेलच्या विरोधात. दोन कारणं.

एक. डिझेल इंजिन कित्येक शे पौंड जड. थ्री-क्वार्टर टनाचं एकूण मान्य वजन बऱ्याचदा 10,000 वर बांधलेलं असतं, ते इंजिनागणिक वाढत नाही. म्हणजे इंजिनाचं वजन तुमच्या पेलोडमधून, त्या स्टिकरवरच्या आकड्यातून, वजा. पूर्ण सजवलेल्या डिझेल थ्री-क्वार्टर टनाचा स्टिकर 2,200 च्या खालीही निघतो. तुमची बेरीज 2,130! पेट्रोलवाल्यावर 3,000 च्या आसपास मिळू शकतो. हे ऐकून लोकांना चक्कर येते, पण दार उघडून बघा.

दोन. हा ट्रक घरचाही आहे म्हणता. सकाळी पोरांना शाळेत सोडणं, मग दुकान, परत घर, असल्या तुटक फेऱ्यांत डिझेलचा काजळी-फिल्टर पुरता तापत नाही, साफ व्हायचं चक्र अर्ध्यात तुटतं आणि तो तुंबतो. शिवाय धूर साफ करायचं डीईएफचं पाणी भरत राहा. फोर्डचं 7.3 चं पेट्रोल व्ही-8 किंवा जीएमचं 6.6 पेट्रोल, दोन्ही 2020 पासूनची, साधी, टर्बो नाही, मोडायला कमी भाग.

उतारकरी
आणि उंचीवर? टर्बोशिवायचं इंजिन दर हजार फुटांना जवळजवळ 3 टक्के ताकद गमावतं. 7,000 फुटांवर पाचवा हिस्सा हवेत. 2019 मध्ये रॅम ट्रकच्या कमिन्स डिझेलने 1,000 पौंड-फूट टॉर्क गाठला. मोजकेबोल, तुमचं 7.3 पेट्रोल 475 ते 485 वर आहे. तुलना तरी करा.

मोजकेबोल
केली. 11,000 ला 1,000 पौंड-फूट लागत नाहीत. ते 11,000 रोज 7,000 फुटांवर जाणार आहेत का, हे खटपट्यांनी अजून सांगितलेलंच नाही. तुम्ही मात्र त्यांना घाटात नेऊन सोडलंत.

खटपट्या
रस्ता बराचसा सपाट. एकच चढ आहे, दोन मैलांचा, उंची 2,000 फुटांच्या आत.

उतारकरी
हं. मग एक पायरी खाली येतो. एक्झॉस्ट ब्रेक नसला तरी मरणार नाही. पण हाफ-टन नको हे कायम.

नवखा
मध्येच विचारतो, इलेक्ट्रिक पिकअप का नको? टॉर्क तर भरपूर.

वजनकाटा
ओढेल छान, उतारावर ब्रेकही मोटरच लावेल. पण जड ट्रेलरमागे पल्ला जवळपास निम्मा होतो. चार्जिंगच्या बऱ्याच जागा अशा की आधी ट्रेलर सोडावा लागतो. दिवसात पन्नास मैल असतील तर विचार करण्यासारखा. पेलोडचा स्टिकर तिथेही बघायचा, बॅटरी काही हलकी नसते.

चपळाई
एकट्यावर सगळे तुटून पडलेत, तरी एक बोलतोच. तुम्ही सगळे ट्रेलर जणू ट्रकच थांबवतो असं धरून चाललात. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात ना! ते नीट असले, ट्रकमधून ते चालवणारा कंट्रोलर नीट लावला, तर ओझं ट्रेलरनं स्वतःच थोपवायचं असतं. ट्रक कुठल्या वर्गाचा यावर पंधरा प्रतिसाद, ट्रेलरच्या ब्रेकवर शून्य. उतारकरी, त्या दिवशी जळका वास तुमच्या ट्रकच्या चाकांना होता की ट्रेलरच्याही?

उतारकरी
...फक्त ट्रकच्या. हे मी आजवर असं पाहिलंच नव्हतं.

चपळाई
बघा.

खटपट्या
काल भाड्याचाच ट्रक घेऊन ट्रकस्टॉपवरच्या काट्यावर गेलो. अंदाजे 11,000 म्हणत होतो ते 11,640 निघालं. बकेटा आणि इंधनाची टाकी मी हिशेबात स्वस्तात धरली होती. हिचवर 1,480. तेव्हा हाफ-टन सोडला, चपळाई, माफ करा. पेट्रोल थ्री-क्वार्टर टन बघतोय, साधी सीट, सनरूफ नाही, स्टिकर 3,080. भाऊ फोन उचलत नाहीये, डिझेल नाही म्हटल्यापासून.

पण चपळाईंचं वाचून ट्रेलरची चारही चाकं जॅकवर उचलली आणि कुणाला तरी ट्रकमध्ये बसवून ब्रेक दाबायला लावला. मागचं डावं चाक मोकळं फिरत राहिलं. वायर अ‍ॅक्सलला घासून तुटलीय, कधीपासून कोण जाणे. शनिवारी ती जोडतो, ट्रक बघायला पुढच्या आठवड्यात जाईन.