मदत हवी आहे: गणपतीत गावी वजन कसं सांभाळता?

नमस्कार मंडळी. गणपतीला देवगडजवळ सासरी जायचंय. माझं एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी रक्तसाखरेची तपासणी) ६.१ आलंय, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. रोजचं चालणं, रात्री भात बंद, हे अंगवळणी पडलंय. प्रश्न सणाचा आहे.

उकडीचे मोदक वाफवलेले, म्हणून हलके, असं घरात सगळे धरून चालतात. पण पारी तांदळाची, आत गूळ-खोबरं, वर तुपाची धार. एक ग्रॅम तुपात ९ कॅलरी, गुळात जेमतेम ४. ऋषीची भाजी मी पोटभर खाईन, तिला तेल जवळपास लागतच नाही. खरी परीक्षा गौरी जेवतात त्या दिवशी, वडे-सागोतीला. वडा टम्म फुगला की काकी झाऱ्यावरून थेट पानात टाकतात. "खा गो, सणाक वजनकाटो बघूचो नसता." नको म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. पहाटेपासून चुलीपुढे बसलेल्या बाईला मला दुखवायचं नाहीये.

सणात उपाशी राहणंही मला पटत नाही. त्यांच्या हातचे मोदक मी खाणारच.

तर सांगा, मोदकाच्या दिवशी पानातला भात पूर्ण सोडता का? रात्री भजनानंतरची उसळ टाळता की थोडी घेता? आणि मोठ्यांना वाईट न वाटता "पुरे" कसं म्हणता? मालवणीतलं एखादं नेमकं वाक्य असेल तर तेच लिहा. कुणी आहारतज्ज्ञ असतील तर त्यांनीही जरूर सांगावं.