जर्मन 'लेम' म्हणजे चिकणमाती? मला पटत नाही

गाळपेर: एका जर्मन-मराठी शब्दसूचीत 'लेम'पुढे 'चिकणमाती' लिहिलंय, म्हणून हा धागा. कुंभार चाकावर घेतो ती चिकणमाती म्हणजे जर्मनमध्ये 'टोन'. लेममध्ये टोनबरोबर रेती आणि गाळही असतो. शाळेत शिकलेल्या रेताड, पोयटा, चिकण या तिघांत लेम म्हणजे पोयटा.

शब्दखोड: असहमत. शब्दाचं मूळच चिकटपणाचं आहे. जुन्या जर्मनमध्ये 'लाइमो'. सरस या अर्थाचा आजचा 'लाइम' त्याचा सख्खा भाऊ. लॅटिन 'लीमुस' म्हणजे चिखल, तोही त्याच खानदानातला. म्युनिकच्या पूर्वेचं बेर्ग आम लाइम या मातीवरूनच ओळखलं जातं, आणि तिथे वीटभट्ट्या होत्या. विटा कशाच्या करतात हो?

गाळपेर: अहो, मूळ म्हणजे अर्थ नव्हे. टोनचं मूळ दाट होण्याचं, थिजण्याचं. संस्कृतातलं 'आतंचन', म्हणजे विरजण, त्याच कुळातलं. मग टोनला विरजण म्हणायचं का? विटेचं म्हणाल तर निव्वळ चिकणमातीची वीट वाळतानाच तडकते, म्हणून आपलेही वीटवाले रेती, राख, भुसा कालवतात. जर्मनीतल्या जुन्या घरांत लाकडी चौकटीत काटक्यांचा कूड विणून त्यावर काड मिसळलेला लेम थापलेला दिसतो. वाइलबुर्गला तर ठोकून घट्ट केलेल्या लेमचं सहा मजली घर 19व्या शतकापासून उभं आहे. त्यात टोनचं काम फक्त बाकीच्या कणांना धरून ठेवायचं.

उनाड: विरजण! म्हणजे जर्मन संस्कृतातूनच निघाली की. आणि टोन म्हणजे सूरसुद्धा ना?

गाळपेर: निघाली नाही, दोघी चुलत बहिणी. सुराचा टोन ग्रीक 'तोनोस'वरून, म्हणजे ताण; मातीशी संबंध शून्य. 1901च्या शुद्धलेखन सुधारणेपर्यंत मातीच्या टोनमध्ये एक मुका 'एच' लिहीत. तो काढला आणि दोघे सारखे दिसायला लागले.

शब्दखोड: विरजण बाजूला ठेवा. 'पोयटा' म्हटलं की मला नदीकाठचं वांग्याचं शेत दिसतं, भिंत नाही. आपल्या गढ्या ज्या पांढऱ्या मातीच्या, तो शब्द का नको?

गाळपेर: कारण लेमवर तिकडचा शेतकरी गहू आणि साखरेचं बीटही घेतो. आपल्याकडे काळी कसायची, पांढरीवर राहायचं. पांढरीत गहू पेरणारं गाव दाखवा, शब्द बदलतो.