विद्यार्थ्यांच्या अंकातलं शुद्धलेखन: किती चालवून घ्यायचं?

काजवा: एका महाविद्यालयाचा वार्षिक अंक चाळला. संपादकीयात 'आर्शिवाद', पुढे 'महत्व', 'उज्वल', आणि वृत्तान्ताचं शीर्षक 'शिक्षक दीन'! एका वेलांटीनं गुरुजी दीनवाणे. संपादक मंडळात नावांची रांग, पण प्रूफ कुणी वाचल्याचं दिसत नाही. मुलांचं आहे म्हणून सूट द्यावी, हे मला पटत नाही.

तिरकस: तुमच्यासारख्या लाल पेनवाल्यांमुळेच मुलं लिहायची थांबतात. पहिली कविता छापून आलेल्या मुलीला वेलांट्या मोजून दाखवणार? आणि नियम तरी कुठे अनादि आहेत? साहित्य महामंडळाचे १४ नियम सरकारनं १९६२ साली मान्य केले, १९७२ मध्ये आणखी चार आले. त्याआधीची छापील मराठी बघा, अनुस्वारांचा पाऊस!

काजवा: मुलीला कोण बोलतंय? मी संपादक मंडळाविषयी बोलतेय. तिच्या कवितेतलं 'फुल' छपाईआधी 'फूल' करणं हे त्यांचं काम. आणि 'महत्'ला 'त्व' लागल्यावर दोन त येणारच, त्याला १९६२ कशाला हवं?

खिळे-जुळारी: प्रूफं वाचणं हाच माझा धंदा, म्हणून सांगतो. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात. ('आर्शिवाद' मात्र बहुतेक वेळा हातचाच असतो.) त्यात अंक परीक्षेच्या तोंडावर छापायला जातो. मग एखादे सर रात्रीत सगळं गुपचूप दुरुस्त करतात. अंक शुद्ध, मुलं होती तिथंच. त्यापेक्षा दोघांना बसवा: एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रुफावर बोट फिरवायचं. शीर्षकं, नावं आणि फोटोंखालच्या ओळी शेवटी वेगळ्या वाचायच्या. मोठ्या टायपातली चूक हमखास निसटते, कारण तिथं कुणी वाचतच नाही, नुसतं बघतात.

तिरकस: एवढ्याला माझी ना नाही. पण कथेतली आजी 'पानी दे' म्हणते, तिचं तुम्ही 'पाणी' केलंत की ती बातम्या दिल्यासारखी बोलायला लागते. शुद्धतेच्या नावाखाली हेच होतं.

काजवा: आजीच्या तोंडी 'पानी'च राहू दे. पण निवेदनात एका परिच्छेदात 'पाणी' आणि पुढच्यात 'पानी' आलं, तर लेखिकेला विचारायला नको, की हे मुद्दाम आहे का?

तिरकस: विचारा ना. पण छापायच्या आधी, आणि तिलाच.