मदत हवी आहे: उशीर झाला तर गिऱ्हाइकाला गमतीत काय द्यावं?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमचं ऑर्डरप्रमाणे चपला करून देणारं छोटं दुकान आहे. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं पावसाळ्यात लवकर वाळत नाही, वायदा पुढं जातो आणि गिऱ्हाईक हेलपाटे घालतं. "उद्या या" हे ऐकून लोक कावलेत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

म्हणून डोक्यात आलंय, दाराबाहेर एक काळा फळा लावायचा. ऑर्डरचा नंबर आणि दिलेली तारीख खडूनं लिहायची, गिऱ्हाइकाचं नाव नको. तारीख चुकली की तिथं लाल फुली, आणि ती मारायची गिऱ्हाइकानं स्वतः! वर चहा आणि पुढचं तेलपाणी आमच्याकडून फुकट. मुद्दाम करकर वाजणारी जोडी मागितली असेल तर गिऱ्हाइकानं दुकानापासून कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत चालून दाखवायचं. आवाज नाही आला तर जोडी परत कारागिराकडं.

वडील म्हणतात, "आपली अब्रू आपणच चव्हाट्यावर टांगायची व्हय रं?" मला उलट वाटतं, लपवून तरी काय राहतंय? पेठेत बातमी चहाच्या आधी पोचते.

कुणी असं काही केलंय का? शिलाईवाले, सायकलवाले, केकवाले, कुणीही सांगा. आठवड्यानं फळा पुसावा की फुल्या महिनाभर तशाच ठेवाव्यात? आणि कारागिराला हिणवल्यासारखं वाटू नये म्हणून काय करता? माझी खरी अडचण तिथंच आहे. पैशात सूट द्यायला सांगू नका, त्यातनं घासाघीस सुरू होते.