पेटीपेक्षा बंदी महत्त्वाची

विष पिऊन होणाऱ्या आत्महत्या रोखायला शेतकऱ्यांना कीटकनाशकं ठेवण्यासाठी कुलपाच्या पेट्या द्याव्यात, असं सुचवलं जातं. कल्पना मनापासूनची आहे, पण ती करून पाहिलेली आहे. श्रीलंकेत तिथल्या आणि ब्रिटनच्या संशोधकांनी मिळून १८० गावांत हा प्रयोग केला. २०१७ साली निष्कर्ष आले: पेट्यांमुळे विषप्राशन कमी झाल्याचं दिसलं नाही. उपयोग झाला तो बंदीचा. १९९५पासून सरकारने सर्वांत जहाल कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली आणि वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. पिकांचं उत्पादन घटलं नाही, हेही तपासलं गेलंय. आत्महत्येचा विचार अनेकदा क्षणिक असतो. हाताशी जहाल विष नसेल तर माणूस वाचतो, आणि वाचलेले बहुतेक पुढे जगतात.

आमच्या वऱ्हाडातल्या घरी फवारणीचा डबा पडवीतच, पंपाशेजारी असायचा. किल्ली असती तरी खुंटीलाच टांगलेली असती.

भारताच्या २०२२च्या राष्ट्रीय धोरणात २०३०पर्यंत आत्महत्या १० टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट आहे. शेजाऱ्याचा अनुभव बघता मला ते फार कमी वाटतं. आणि हे वाचणारं कुणी आज फार अस्वस्थ असेल, तर १४४१६ला फोन करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.